ठेक्याचा सातबारा

२८ जानेवारी १९८५ची रात्र. हॉलिवूडच्या ए अँड एम स्टुडिओत अमेरिकेतले चाळीसहून जास्त नावाजलेले गायक एका खोलीत दाटीवाटीनं उभे होते. आफ्रिकेतल्या दुष्काळग्रस्तांसाठी 'वी आर द वर्ल्ड' हे गाणं रातोरात ध्वनिमुद्रित करायचं होतं. अहंकार दाराबाहेर ठेवून आत या, अशी पाटी गाण्याचा निर्माता क्विन्सी जोन्स यानं लावून ठेवली होती. त्या गर्दीत मायकेल जॅक्सन डॅरिल हॉलजवळ आला आणि हळूच एक कबुली देऊन गेला. 'बिली जीन'चा ठेका मी तुमच्या 'आय कान्ट गो फॉर दॅट'वरून उचलला, राग मानू नका, असा त्या बोलण्याचा अर्थ.

हा किस्सा हॉलनं पुढे अनेकदा सांगितला आहे. त्यानं जॅक्सनला दिलेलं उत्तर मला कबुलीपेक्षा जास्त आवडतं. त्यात मनावर घेण्यासारखं काही नाही, मीही तो दुसरीकडूनच घेतला होता, आणि तू त्याचं केलंस ते अगदी वेगळं आहे, असं तो म्हणाला.

आता गंमत बघा. 'बिली जीन' ज्या 'थ्रिलर'मध्ये आहे तो जगात सर्वाधिक खपलेला अल्बम. त्याच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याबद्दल खुद्द गायकानं तोंडानं दिलेली कबुली हातात असताना हॉलनं वकील का गाठला नाही? दिलदारपणा होताच. पण गाठला असता तरी फारसं काही हाती लागलं नसतं. ते का, हे समजून घ्यायचं तर गाण्यातली नेमकी कोणती गोष्ट कुणाच्या मालकीची असते हे उलगडावं लागतं. त्यासाठी 'आय कान्ट गो फॉर दॅट'इतकं सोयीचं गाणं मला दुसरं माहीत नाही. हे गाणं उसनं घेऊन झालं, उसनं दिलं गेलं, आणि त्याचे शब्दसुद्धा आपलं काय ते सोडणार नाही, असंच सांगतात.

आधी गाणं झालं कसं ते पाहू. १९८१ साली डॅरिल हॉल आणि जॉन ओट्स ही जोडी न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत 'प्रायव्हेट आइज' या अल्बमवर काम करत होती. दिवसाचं काम उरकलं होतं. हॉलनं कोपऱ्यातल्या रोलँड सीआर-७८ या तालयंत्राचं बटण दाबलं, आधीपासून भरलेल्या ठेक्यांपैकी एक लावला आणि कॉर्गच्या ऑर्गनवर डाव्या हातानं बेसची एक ओळ वाजवायला लागला. वाजवता वाजवता त्याला जाणवलं की काहीतरी सापडतंय. ध्वनिमुद्रक नील कर्नॉनला त्यानं टेप चालू करायला सांगितलं. ओट्सनं गिटारवर एक छोटा तुकडा त्यात बसवला. शब्द नंतर आले, त्यात सॅरा ॲलनचाही हात होता. चार्ली डिशाँटचा सॅक्सोफोनही नंतर चढला. बैठक, आराखडा, नोटेशन यांपैकी काहीही नव्हतं.

या तालयंत्राविषयी थोडं सांगायला हवं. सीआर-७८मध्ये कुणाच्या ड्रमचा आवाज साठवलेला नाही. आत विजेची मंडलं आहेत. एका मंडलाला क्षणभराचा झटका दिला की ते ठरावीक कंपनसंख्येनं झणझणतं आणि विरून जातं, काचेच्या पेल्यावर चमचा टेकवावा तसं. तो झाला ढोलाचा ठोका. रेडिओचं स्टेशन सुटल्यावर जी खरखर ऐकू येते तशीच खरखर आत तयार करून तिचा जेमतेम चिमूटभर तुकडा बाहेर सोडला की ती झाली झांज. म्हणजे या पेटीत चामडं नाही, लाकूड नाही, पितळ नाही. ऐकताना आवाज खऱ्या ड्रमसारखा मुळीच वाटत नाही. टिक-टॉक, टिक-टॉक, जरासा खेळण्यातला वाटतो. ब्लॉन्डीच्या 'हार्ट ऑफ ग्लास'मध्ये आणि फिल कॉलिन्सच्या 'इन द एअर टुनाइट'मध्ये हीच पेटी टिकटिकते.

मग अशा कोरड्या टिकटिकीवर कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या सोलसारखं ऊबदार संगीत उभं कसं राहतं? माझ्या मते ते त्या कोरडेपणामुळेच उभं राहतं. माणूस ड्रम वाजवतो तेव्हा लय किंचित मागेपुढे होत राहते. यंत्राची लय सुतासारखी सरळ असते. आखून दिलेल्या सरळ रेषेशेजारी हातानं ओढलेली रेघ ठेवली की तिचा प्रत्येक झोक दिसतो, तसं इथे होतं. यंत्राच्या शेजारी बेस किंचित रेंगाळतो, गिटार किंचित घाई करते, हॉलचा आवाज शब्द कधी मात्रेवर टाकतो तर कधी मात्रा निघून गेल्यावर. चार मात्रांच्या आवर्तनात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर वजन पडतं. आपली टाळी आपोआप पहिलीवर, समेवर जाते, यांची दुसरी-चौथीवर. आणि त्या ठोक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत बेस बोलतो. या सगळ्याच्या एकत्र झुलण्याला इंग्रजीत ग्रूव्ह म्हणतात. मी इथे 'ठेका' म्हणतो आहे. शास्त्राची काटेकोर कसोटी लावली तर हा शब्द पुरेसा नेमका नाही, पण 'काय ठेका लागलाय!' असं आपण म्हणतो तेव्हा जे म्हणायचं असतं ते हेच.

'बिली जीन' शेजारी लावून ऐका. स्वर तेच नाहीत. जॅक्सनचा बेस न थांबता चालत राहतो, हॉलचा मध्ये मध्ये श्वास घेतो. तिथे ड्रमला माणूस बसला आहे, इथे यंत्र. सारखं आहे ते वागणं. दोन्हीकडे ठेका आधी सुरू होतो, एकटा पुरेसा वेळ चालतो, घाई करत नाही, आणि वरचं गाणं पेटलं तरी खालचा ठेका निर्विकार राहतो. कान म्हणतो उचललं आहे. कागदावर उतरवून पाहिलं तर काय उचललं ते दाखवता येत नाही.

कायद्याचा सगळा पेच या एका वाक्यात आहे. पण त्याआधी हॉलनं स्वतः कुठून घेतलं होतं त्याकडे वळू.

हॉल आणि ओट्स दोघेही गोरे, पेनसिल्वेनियात वाढलेले, फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठातले. दोघांची ओळख झाली ती १९६७ साली शहरातल्या अडेल्फी बॉलरूममध्ये. दोघांचे वेगवेगळे गट तिथे गायला आले होते, टोळ्यांची मारामारी सुरू झाली, गोळ्या झाडल्या गेल्या आणि हे दोघे जीव घेऊन पळाले ते मालवाहू लिफ्टमध्ये. दोघांचं वेड एकच होतं, कृष्णवर्णीयांचं सोल संगीत. चर्चमधल्या भक्तिगीतांचा आर्त सूर आणि बाहेरच्या जगातल्या प्रेमाचे, विरहाचे विषय यांच्या मिश्रणातून सोल झालं. फिलाडेल्फियात केनेथ गॅम्बल आणि लिऑन हफ या जोडीनं त्याला व्हायोलिनचे ताफे आणि मऊ, सरकता ठेका देऊन शहराची स्वतःची शैली घडवली. तरुण हॉलनं गॅम्बलबरोबर कामही केलं होतं. म्हणजे हे लांबून ऐकून केलेलं अनुकरण नव्हतं, तो त्याच गल्लीत वाढला होता. आपल्या संगीताला हॉल आणि ओट्स 'रॉक अँड सोल' म्हणत, आणि १९८३मध्ये निघालेल्या त्यांच्या निवडक गाण्यांच्या संग्रहाचं नावही तेच.

अमेरिकेत ही गल्ली ओलांडणं वाटतं तितकं साधं नव्हतं. तिथे गाण्यांच्या याद्याही वर्णावरून वेगळ्या लागत. बिलबोर्ड मासिकाची कृष्णवर्णीय संगीताची यादी १९४९पर्यंत चक्क 'वंशीय' रेकॉर्डची यादी म्हणून छापली जात होती. मग तिचं नाव 'ऱ्हिदम अँड ब्लूज' झालं, पुढे 'सोल', पुढे 'ब्लॅक'. पाटी बदलली, भिंत तशीच. १९८२च्या जानेवारीअखेर 'आय कान्ट गो फॉर दॅट' मुख्य यादीत पहिलं आलं. ऑलिव्हिया न्यूटन-जॉनचं 'फिजिकल' सलग दहा आठवडे तिथे ठाण मांडून बसलं होतं, त्याला यानं उठवलं, तेही अवघ्या एका आठवड्यासाठी. याहून महत्त्वाचं म्हणजे ते सोलच्या यादीतही पहिलं आलं. गोऱ्या कलाकारांच्या वाट्याला हे फारच क्वचित आलं आहे. ज्या घरून ठेका उसना आणला त्याच घरानं तो ओळखला आणि आत घेतला.

आणि मग उलटी वाट. जॅक्सननं तो 'बिली जीन'मध्ये नेला. १९८१मध्ये सुरू झालेली एमटीव्ही वाहिनी कृष्णवर्णीय गायकांना जवळपास दारातच उभं करत नव्हती. १९८३मध्ये ती भिंत फोडणाऱ्या पहिल्या गाण्यांत 'बिली जीन'चं नाव घेतलं जातं. फिलाडेल्फियाच्या काळ्या वस्तीतला ठेका गोऱ्या जोडीकडे गेला, परत काळ्या गायकाकडे आला आणि त्यानं बंद दार उघडलं. या प्रवासात चोर कोण आणि मालक कोण, हे सांगायचा प्रयत्न करून बघा.

आता कायद्याकडे. सोप्यात सोपं करून सांगतो, आणि त्यासाठी आपला सातबारा कामाला येतो.

एका गाण्याचे कायद्याच्या नजरेत दोन वेगळे मालमत्ता-हक्क असतात. पहिला रचनेचा: शब्द आणि चाल. दुसरा ध्वनिमुद्रणाचा: अमुक दिवशी अमुक स्टुडिओत अमुक माणसांनी वाजवून टेपवर उतरवलेला तो नेमका आवाज. रचना म्हणजे जमीन आणि ध्वनिमुद्रण म्हणजे त्यावरचं पीक समजा. जमीन एकाच्या नावावर, पीक दुसऱ्याचं, हे आपल्याकडे नवीन नाही. हॉल, ओट्स आणि सॅरा ॲलन ही जमिनीवरची नावं. पीक रेकॉर्ड कंपनीचं, म्हणजे आरसीएचं. उद्या कुणी ते गाणं स्वतः नव्यानं गायलं तर त्यानं जमीनमालकाला पैसे द्यायचे, पिकाशी त्याचा संबंध नाही. मूळ टेपचा तुकडाच कापून घेतला तर मात्र दोघांची परवानगी लागते. भारतात १९५७चा कॉपीराइट कायदा तर तीन हिस्से करतो. शब्द हे साहित्य म्हणून वेगळे, चाल संगीत म्हणून वेगळी आणि ध्वनिमुद्रण वेगळं. २०१२च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांचा मानधनातला वाटा असा बांधून दिला की चित्रपटाच्या कंपनीला तो एकरकमी लिहून घेता येत नाही. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी त्यासाठी जोर लावला होता.

मग ठेका कुठे बसतो? तो ना पूर्ण जमीन ना पीक. तो पाणंद रस्ता आहे, सगळ्यांच्या बैलगाड्या जातात त्यावरून. भजनी ठेक्यात नवा अभंग बांधताना कुणी कुणाची परवानगी मागतं का? लय, मात्रांची मांडणी, मोजके सरधोपट स्वरमेळ (कॉर्ड), एखाद्या शैलीचा 'बाज' ही सामायिक वहिवाट मानली जाते. कायदा संरक्षण देतो ते कल्पनेच्या नेमक्या मांडणीला. जॅक्सननं हॉलची चाल घेतली नाही, शब्द घेतले नाहीत, टेप कापली नाही. त्यानं वाट वापरली.

टेप कापणारे आले ते नंतर. १९८९मध्ये न्यूयॉर्कच्या डी ला सोल या हिप-हॉप त्रिकुटानं 'थ्री फीट हाय अँड रायझिंग' काढला. त्यातल्या 'से नो गो' या अमली पदार्थांवरच्या गाण्यात 'आय कान्ट गो फॉर दॅट'चा तुकडा सरळ वाजतो. याला सँपलिंग म्हणतात. जुन्या ध्वनिमुद्रणातले काही सेकंद यंत्राच्या स्मृतीत साठवायचे आणि ठोक्याला ठोका जुळवून पुन्हा पुन्हा वाजवायचे. इथे वाट राहिली बाजूला, उभं पीक कापलं जातं. त्याच अल्बममधल्या दुसऱ्या एका तुकड्यावरून टर्टल्स या साठच्या दशकातल्या गटानं डी ला सोलवर दावा लावला आणि प्रकरण न्यायालयाबाहेर मिटवावं लागलं. दोनच वर्षांनी, १९९१मध्ये, बिझ मार्की या रॅपरविरुद्धच्या खटल्यात न्यायाधीशांनी निकालपत्राची सुरुवातच बायबलमधल्या 'चोरी करू नकोस' या आज्ञेनं केली. त्यानंतर परवान्याशिवाय तुकडा वापरायची छाती कुणाची राहिली नाही. डी ला सोलचे जुने अल्बम तर या परवान्यांच्या गुंत्यात असे अडकले की इंटरनेटवर अधिकृतपणे ऐकायला २०२३चा मार्च उजाडावा लागला. चौतीस वर्षं! ज्या तुकड्यांनी अल्बम अजरामर केला त्यांनीच त्याला कोंडून ठेवलं.

इथवर चित्र स्वच्छ आहे: चाल घेतली तर दावा, टेप कापली तर दावा, ठेका घेतला तर राम राम. २०१५मध्ये मात्र या स्वच्छ चित्रावर शाई सांडली. मार्विन गे हा सोलमधला फार मोठा माणूस. त्याच्या १९७७च्या 'गॉट टू गिव्ह इट अप'चा बाज फॅरेल विल्यम्स आणि रॉबिन थिक यांनी 'ब्लर्ड लाइन्स'मध्ये घेतला, म्हणून गेच्या वारसांनी भरपाई मागितली. गंमत अशी की जुन्या नियमामुळे संरक्षण होतं ते नोंदणीच्या वेळी जमा केलेल्या कागदावरच्या नोटेशनपुरतं. त्यामुळे ज्यूरीला मूळ ध्वनिमुद्रण ऐकवलंच गेलं नाही. एवढं असूनही ज्यूरीनं सुमारे ७४ लाख डॉलरची भरपाई दिली. ती नंतर ५३ लाखांवर आली आणि २०१८मध्ये अपिलातही निकाल कायम राहिला. अपिलातल्या एका न्यायाधीशांनी असहमती नोंदवली. त्यांचं म्हणणं होतं की या निकालानं गे कुटुंबाला एका शैलीचीच मालकी मिळते आहे, आणि असं आजवर कुणाला जमलं नव्हतं. पाणंद रस्त्याचा सातबारा निघाला म्हणायचा! मला ती असहमतीच पटते. कानाला सारखं वाटणं आणि नेमकं काही उचललेलं असणं यांतला फरक गेला तर प्रत्येक नव्या गाण्याच्या आधी वकील बसवावा लागेल.

२०२३मध्ये वारं थोडं फिरलं. मार्विन गेच्याच 'लेट्स गेट इट ऑन'चे सहसंगीतकार एड टाउनसेंड यांच्या वारसांनी गायक एड शिरनवर त्याच्या एका गाण्यावरून खटला भरला होता. वाद होता प्रामुख्यानं चार स्वरमेळांच्या क्रमाचा. शिरन साक्षीदाराच्या पिंजऱ्यात गिटार घेऊन बसला आणि हा क्रम किती गाण्यांत बसतो ते वाजवून दाखवलं. ज्यूरी त्याच्या बाजूनं गेली. तरीही आज अमेरिकेत बरेच संगीतकार सावधगिरी म्हणून जुन्या गाण्याच्या धन्याला आधीच नावात वाटा देऊन टाकतात. हॉल आणि जॅक्सन यांचं स्टुडिओतलं ते दोन मिनिटांचं बोलणं आजच्या दिवसांत दोघांच्या वकिलांनी कदाचित होऊच दिलं नसतं.

आता त्या गाण्याच्या शब्दांकडे. ऐकणाऱ्याला वाटतं प्रेयसीशी चाललेली कुरबुर आहे: तुझ्यासाठी जवळपास काहीही करीन, पण तेवढं मात्र जमणार नाही. ओट्सनं नंतर स्पष्ट केलं की रोख संगीताच्या धंद्याकडे होता. कंपन्या, व्यवस्थापक, अमुक करा, तमुक करा म्हणणारे सगळे. शरीर घ्या, मन मिळणार नाही. म्हणजे मालकीवरचंच गाणं.

आणि मालकीवरूनच जोडी फुटली. २०२३च्या नोव्हेंबरात हॉलनं ओट्सविरुद्ध टेनेसीतल्या नॅशव्हिलच्या न्यायालयात दावा लावला. दोघांच्या सामायिक कंपनीतला आपला हिस्सा ओट्स हक्कांचा व्यवहार करणाऱ्या प्रायमरी वेव्ह या कंपनीला विकायला निघाला होता. मला न विचारता विकताच येत नाही, हे हॉलचं म्हणणं. न्यायालयानं विक्री तूर्त थांबवली. जगातल्या सगळ्यात मोठ्या गायकानं ठेका उचलला तेव्हा हसून सोडून देणारा माणूस, लिफ्टमध्ये खांद्याला खांदा लावून पळालेल्या सोबत्याला हिश्शासाठी न्यायालयात खेचतो. यात मला विसंगती दिसत नाही. एक होती पाणंद, दुसरी बांधावरची जमीन, आणि बांधावरून भाऊ भावाला कोर्टात नेतो हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

गाण्याच्या कागदावर तीन नावं आहेत. ज्या ठेक्यावर सगळं उभं राहिलं तो मात्र त्या तिघांपैकी कुणीच बांधलेला नव्हता. सीआर-७८ ही पेटी १९७८ साली जपानी रोलँड कंपनीनं बाजारात आणली तेव्हाच तो आत भरलेला होता, बटणावर फक्त 'रॉक १' असं लिहून. तो कुणीतरी अभियंत्यानं मात्रा मोजून बसवला असणार. हॉलनं बटण दाबलं.